आवाज मोठा, काळजी थोडी

बाळ घरी आलं की पहिल्याच रात्री घरातल्यांच्या लक्षात येतं, की झोपलेलं तान्हं बाळ अजिबात गप्प नसतं. ते घुरघुरतं, नाकातून सूं सूं करतं, लालबुंद होऊन कुंथतं, उचक्या देतं, लागोपाठ शिंकतं. मग अचानक इतकं शांत होतं, की आई उठून त्याच्या नाकापुढे बोट धरून बघते. सकाळी आजी त्याच्या पाठीवर हात ठेवते, हाताला घरघर लागते आणि निदान होतं : ‘छाती भरलीय.’ वेखंड उगाळलं जातं, ओव्याची पुरचुंडी शेकायला घेतली जाते आणि शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे धाव घेतली जाते. तिथे पोचेपर्यंत बाळ गाढ झोपलेलं असतं आणि डॉक्टर सांगतात, ‘छाती एकदम स्वच्छ आहे.’

दोघांचंही खरं असतं. घरघर हाताला लागते, पण ती छातीत तयार झालेली नसते. नाकात किंवा घशात उमटलेला आवाज बाळाच्या पातळ छातीतून जसाच्या तसा हातापर्यंत पोचतो. नवजात बाळाचे बहुतेक मोठे आवाज असे वरच्या मजल्यावरचे असतात. ज्याला खरंच घाबरायला हवं, तो आवाज बारीक आणि एकसुरी असतो, आणि या सगळ्या गोंगाटात तोच नेमका कानाआड होतो.

अरुंद वाट, मोठा आवाज

पहिले काही महिने बाळ श्वास जवळजवळ पूर्णपणे नाकानेच घेतं. त्याचं स्वरयंत्र मोठ्या माणसापेक्षा मानेत बरंच वर असतं आणि त्यावरचं झाकण मऊ टाळूच्या मागे जाऊन टेकतं. त्यामुळे स्तन तोंडात असतानाही नाकाकडून येणारी हवेची वाट मोकळी राहते. दूध पिण्यासाठी ही रचना उत्तम आहे, पण तिची किंमत आवाजात मोजावी लागते. नाकपुड्या मुळातच चिंचोळ्या, त्यात जरासा शेंबूड किंवा घशाशी आलेलं थोडं दूध. बाळाला ना नाक शिंकरता येत, ना खाकरता येत.

ज्याँ प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या सुमारास बारीक नळ्यांमधून द्रव कसा वाहतो, याचा अभ्यास केला. त्यातून निघालेला नियम असा, की संथ प्रवाहासाठी नळीचा व्यास निम्मा झाला, तर अडथळा दुप्पट न होता सोळा पट होतो. नवजात बाळाच्या श्वासमार्गाचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो. मोठ्या माणसाला जाणवणारही नाही एवढी सूज तिथे पुरेशी होते. हवा त्या फटीतून जाताना भोवरे घेते आणि आपल्याला सूं सूं ऐकू येतं.

बाळ नीट पीत असेल, तर त्यावर काही करावं लागत नाही. नाक चोंदल्यामुळे पिताना अडत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सलाइनचे एक-दोन थेंब पाजण्याआधी नाकात घालतात. तेल मात्र घालू नये. पाण्याने ठसका लागतो. तेल खोकल्याची उबळ न आणता खाली उतरू शकतं आणि फुप्फुसात पोचलं तर न्यूमोनियाचं कारण ठरतं. शिंका म्हणजे सर्दीच, असंही नाही. नाक साफ करायचा बाळाजवळ तेवढा एकच मार्ग आहे.

झोपेतली गडबड

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं आणि त्यातली साधारण निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. या अवस्थेत पापण्यांखाली बुबुळं हलतात, ओठ चोखल्यासारखे होतात, हातपाय झटकले जातात, बाळ हुंकारतं, क्षणभर रडतंसुद्धा. जागं झालं समजून आपण उचलून घेतो आणि खरोखरच जागं करतो. मिनिटभर थांबलं तर पुष्कळदा ते परत शांत होतं.

याच झोपेत श्वासाची लय बिघडल्यासारखी वाटते. काही भराभर श्वास, मग पाच-दहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा भराभर. मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण अजून पक्कं झालेलं नसल्याने असं होतं आणि काही महिन्यांत ते मागे पडतं. वीस सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास थांबणं, किंवा त्याआधीच ओठ निळे पडणं, बाळ लुळं पडणं, हे मात्र साधं नाही. तिथे वाट बघायची नसते.

उचक्यांना तर पोटातल्यापासूनची सवय असते. गर्भ पहिल्या तिमाहीतच उचक्या देऊ लागतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या किंबर्ली व्हाइटहेड आणि सहकाऱ्यांनी १३ नवजात बाळांच्या उचक्यांच्या वेळी मेंदूचा विद्युत आलेख घेतला. श्वासपटलाच्या प्रत्येक आचक्यामागोमाग मेंदूत तीन लहरी उमटताना दिसल्या. श्वासाचे स्नायू हुकमतीखाली आणायचे तर त्यांचा मेंदूला अंदाज यावा लागतो, आणि उचकी कदाचित तीच तालीम असावी, असा या संशोधकांचा तर्क आहे.

कुंथणं निराळं, कण्हणं निराळं

सर्वांत जास्त घाबरवतं ते कुंथणं. बाळ पाय पोटाशी घेतं, चेहरा लाल करतं, दहा-दहा मिनिटं जोर लावतं, रडतं, आणि एवढं करून शी होते ती मऊच. म्हणजे हे बद्धकोष्ठ नव्हे. शी होण्यासाठी पोटाने जोर लावायचा असतो आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे असतात. बाळाला पहिलं जमतं, दुसरं अजून जमत नाही. काही आठवड्यांत हा मेळ आपोआप बसतो. म्हणून साबणाची वडी किंवा विड्याच्या पानाचा देठ असले उपाय नकोत. त्यांनी बाळाला शिकायचं ते शिकता येत नाही.

श्वास आत घेताना येणारी बारीक शिट्टी किंवा चिरका आवाज बहुधा स्वरयंत्राच्या वरचा भाग मऊ असल्याचा असतो. श्वासाबरोबर तो आत ओढला जातो. उताणं झोपवल्यावर, रडताना किंवा पिताना आवाज वाढतो, पहिले काही महिने तो जास्त ऐकू येतो आणि एक-दोन वर्षांत बहुतेकांचा जातो. वजन वाढत असेल तर सहसा नुसतं लक्ष ठेवलं जातं, पण एकदा तपासून घ्यावंच. अशा वेळी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ फार उपयोगी पडतो. फक्त त्यात बाळाची छाती उघडी दिसायला हवी.

आता सुरुवातीला म्हटलेला तो बारीक, एकसुरी आवाज. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर, ठरावीक लयीत, ‘अं… अं… अं…’ असं कण्हणं. कुंथणं लाटांसारखं येतं आणि ओसरतं, मधल्या वेळी श्वास शांत असतो. हे कण्हणं मात्र थांबत नाही. बाळ बाहेर जाणारी हवा स्वरयंत्राशी अडवून धरत असतं. पूर्ण रिकामा झालेला फुगा फुगवायला पहिली फुंकर जड जाते. फुप्फुसातल्या वायुकोशांचं तसंच आहे. ते मिटू नयेत म्हणून थोडी हवा कोंडून ठेवायची, हे बाळाने स्वतःच स्वतःवर चालवलेले उपचार असतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसात वायुकोश उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ पुरेसा नसतो, हे मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. वेळेवर जन्मलेल्या बाळांत न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्गातही असंच कण्हणं ऐकू येतं.

या आवाजाची किंमत केपटाउनच्या डॉक्टरांच्या लक्षात आली. १९६८ मध्ये हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की कण्हणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घातली की कण्हणं बंद होतं, कारण मग स्वरयंत्र मिटता येत नाही, आणि रक्तातला प्राणवायू खाली येतो. नळी काढली की बाळ पुन्हा कण्हू लागतं आणि प्राणवायू वर जातो. म्हणजे कण्हणं थांबवायचं नसून बाळाचे ते कष्ट आपण उचलायचे असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी उच्छ्वासाच्या वेळीही हवेचा सौम्य दाब टिकवून धरणारी पद्धत वापरली. १९७१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या २० बाळांपैकी १६ वाचली. ‘सीपॅप’ या नावाने ती पद्धत आज आपल्याकडच्या नवजात शिशु कक्षांतही रोज वापरली जाते.

मोजायचं कसं

कान फसतो, म्हणून मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील, तर ते जलद धरतात. बाळ शांत असताना कपडा वर करून पोटाचं वर-खाली होणं पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, कारण तेवढ्यात भराभर श्वासांचा झपाटा सापडला तर आकडा उगाच फुगतो आणि मधला विराम सापडला तर खोटा दिलासा मिळतो. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचं.

हे मोजणं डॉक्टर नसलेल्यांच्याही हाती देता येतं, हे गडचिरोलीत दिसलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी डॉ. अभय बंग यांनी एक साधं साधन तयार केलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर श्वास जलद. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देते, त्यांमागे हाच अनुभव आहे.

तेव्हा आवाज आला की आधी बाळाचा रंग, छाती आणि पिणं बघावं. गुलाबी, नीट पिणारं, अंगाने उबदार बाळ कितीही घुरघुरलं तरी ते ठीक असतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खोल खळगा पडणं, नाकपुड्या फुलणं, न थांबणारं कण्हणं, जलद श्वास, निळसर ओठ, पिणं सोडणं, अंग तापणं किंवा गार पडणं यांतलं एक जरी दिसलं, तरी सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं. गरज पडल्यास १०८ला फोन करावा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : तासन् तास कण्हणारं, पिणं सोडलेलं बाळ अचानक गप्प झालं, तर त्याला बरं वाटलं असं समजू नये. बहुतेकदा त्याची ताकद संपत आलेली असते.