डोंगरचा साग आणि दर्याची गलबते

उत्तर कोकणातल्या मालवाहू गलबतांची सुरुवात घाटाखालच्या सागवनात होत असे. सूर्यमाळचे पठार आणि भोवतालचा जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ मुलूख बहुतांशी वैतरणा व पिंजाळ, सूर्या या तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात येतो. मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात साग आणि ऐन विपुल. ताजा तोडलेला साग पाण्यात बुडतो, म्हणून ओंडके बैलगाडीने खाडीकाठी आणणे सोयीचे. वैतरणेत भरतीचे पाणी मनोरपर्यंत चढते. तिथून पुढे लाकूड पडावांतून आगाशी-वसईकडे जाई.

आगाशी हे सोळाव्या शतकात जहाजबांधणीचे नावाजलेले ठिकाण होते. पोर्तुगीजांनी 1530-31 मध्ये ते दोनदा लुटले, यावरूनच त्याचे महत्त्व कळते. पुढे 1736 मध्ये सुरतेहून जहाजबांधणीचे कारागीर लवजी वाडिया मुंबईच्या गोदीत आले. तिथल्या मोठ्या जहाजांसाठी मुख्यतः मलबारी साग येई. लांब, सरळ तुळया तिकडच्याच. मात्र तेलकटपणामुळे साग कुजत नाही आणि ओकसारखा लोखंडी खिळे खात नाही, हा गुण कोकणी आणि मलबारी सागात सारखाच. 1817 मध्ये मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात आजही पाण्यावर आहे.

किनाऱ्यावरच्या व्यापारात मोठी मानली जाणारी गलबते म्हणजे फत्तेमाऱ्या. 1834 मध्ये जॉन एडी या इंग्रज जाणकाराने वर्णिलेली मोठी फत्तेमारी सुमारे 76 फूट लांब आणि 200 टन माल वाहणारी होती. डोलकाठ्या पुढे झुकलेल्या, शिडे तिरकस. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासत आणि लाकडाला मुशीच्या काळजाचे तेल चोपडत.

गलबतावर हुकूम तांडेलाचा. शीड दुसऱ्या बाजूला घेणे हे खलाशांचे सर्वांत कष्टाचे काम: शिडाची लांबलचक आडवी काठी डोलकाठीच्या पुढून फिरवावी लागे, तीही डुलत्या गलबतावर. दुपारी वायव्येचा खारा वारा, रात्री जमिनीवरून मतलई. मुंबईहून दक्षिणेकडे जाणे त्यामुळे सोपे, उत्तरेकडे परतणे चिकाटीचे. परतणारा तांडेल रात्री मतलई साधून पुढे सरके आणि दुपारचे वारे विरोधात गेले की नांगर टाके. अशा प्रवासाला घड्याळ लावणे व्यर्थच.

वर्षाचे वेळापत्रक पावसाचे होते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम उघडे आणि मृगाआधी गलबते ओढून किनाऱ्यावर, झावळ्यांच्या आडोशाखाली ठेवली जात. उघड्या हंगामात ठाणे जिल्ह्यातून मुंबईला लाकूड, जळण, भात, मीठ, गवत जाई; मलबाराकडून साग, काथ्या, कौले येत. परतीला माल नसेल तर तोल राखण्यासाठी तळाशी दगड-वाळू भरावी लागे. हे बिनभाड्याचे ओझे मालकाला मुळीच परवडत नसे.

1864 मध्ये बडोद्याकडची रेल्वे मुंबईला जोडली गेली आणि वसई-पालघर पट्ट्यातला माल रुळांवर वळला. आगबोटींनी लांबचा व्यापार घेतला. जव्हार-मोखाड्याला मात्र रेल्वे कधी पोचलीच नाही, त्यामुळे तिथल्या लाकडाची बैलगाडी पुढेही राहिली. फक्त तिचे टोक खाडीऐवजी स्टेशनात आले. छोट्या बंदरांतली ने-आण शिडाची गलबते विसाव्या शतकातही करत राहिली. पुढे त्यांतल्या बऱ्याच गलबतांना इंजिन बसले, आणि शीड हाताळणाऱ्या खलाशांची संख्या कमी होत गेली.