कुठेतरी पाणी मुरतंय : 'किंचित वॉटर डॅमेज' असलेला कॅम्पर घ्यावा का?

मार्च संपत आला की आमच्या मिशिगनमध्ये जुन्या कॅम्पर ट्रेलरच्या जाहिराती दिसायला लागतात. वीस फुटी, सहा जण झोपतील, शेगडी-फ्रिज चालू, किंमत ४,५०० डॉलर. आणि शेवटी एक बारीक ओळ : 'मागच्या कोपऱ्यात किंचित वॉटर डॅमेज'. तसाच धड कॅम्पर दहा-अकरा हजारांना जातो. मुलांना यलोस्टोन दाखवायचं असतं, मोटेलचे पैसे डोळ्यांसमोर नाचत असतात, आणि तुम्ही मनात म्हणता, सहा हजारांत एक कोपरा तर नक्कीच दुरुस्त होईल!

गेल्या वर्षी आम्हीही हेच म्हणत एक कॅम्पर बघायला गेलो होतो. तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

आधी पाणी शिरतं कुठून ते बघू. कॅम्परचा बाहेरचा पत्रा आणि कडेच्या पट्ट्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात आणि आतला सांगाडा लाकडाचा. सहा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी उणे २० अंशांपासून उन्हातल्या ४० अंशांपर्यंत तापली, तर साधारण आठ मिलिमीटर वाढू पाहते. तेवढंच लाकूड वाढतं जेमतेम दीड मिलिमीटर. ही ओढाताण मधल्या सीलंटला सोसावी लागते, वर्षानुवर्षं. सीलंट कडक होतं, त्याला केसासारखी चीर पडते. चिरेत शिरलेलं पाणी थंडीत गोठताना नऊ टक्के फुगतं आणि चीर रुंदावतं. म्हणून सीलंट दरवर्षी तपासायचं असतं. बरेच मालक ते करत नाहीत.

आत गेलेलं पाणी उताराने खाली जातं. डाग मागच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, पण गळती छतावरच्या पंख्यापाशीही असू शकते. म्हणजे जो कोपरा विकणारा दाखवतो, तो पाण्याच्या प्रवासाचा शेवट असतो. मधला सगळा रस्ता भिंतीच्या आत असतो.

आता मुख्य मुद्दा. लाकूड नुसतं भिजल्याने कुजत नाही, बुरशीमुळे कुजतं. (आपल्याकडे पोखरलेलं लाकूड दिसलं की आधी वाळवीची शंका येते, इथे बहुतेक वेळा गुन्हेगार ही बुरशीच.) लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. ती ३० टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली की मेजवानी सुरू. तपकिरी कूज घडवणारी बुरशी सेल्युलोज खाते, म्हणजे लाकडाला ताकद देणारे लांब धागेच तोडते. लाकडाचं वजन दहा टक्केही घटलेलं नसताना त्याची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असू शकते. वरून ते ठीकच दिसतं! कॅम्परच्या भिंतीतले खांब मुळात दीड-दोन इंचांचे असतात, घरासारखे दणकट नव्हेत. त्यातली निम्मी ताकद गेली, तर हायवेवरच्या हादऱ्यांना तोंड द्यायला उरलं काय?

'आता सगळं वाळलंय हो', हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. वाळलं की बुरशी थांबते हे खरं, पण तुटलेले धागे परत जुळत नाहीत. आणि पुन्हा ओल मिळाली की बुरशीही पुन्हा उभी राहते.

मग तपासायचं कसं? शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. दार उघडल्याबरोबर आधी वास घ्या. पावसाळ्यात कोकणातल्या घरी बंद कपाट उघडल्यावर येतो तसला कुबट वास आला, तर सावध व्हा. सुगंधी फवारा मारलेला असेल, तर जास्तच सावध व्हा. बाकांखाली, कपाटांच्या आत, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून बघा. जमिनीवर कडेकडेने चाला; पाय दबला तर खालचं प्लायवूड गेलं.

दोन टोकांचा मॉइश्चर मीटर तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळतो, तो न्याच. कोरडं लाकूड विजेला जवळजवळ अडवून धरतं, ओल वाढते तसा हा विरोध झपाट्याने कमी होतो. मीटर तेवढंच मोजतो. प्लायवूडच्या जातीप्रमाणे आकडे थोडे चुकतात. म्हणून आधी आतल्या एखाद्या नक्की कोरड्या फळीवर मोजा आणि मग भिंतींची तुलना तिच्याशी करा. कडाक्याच्या थंडीत मात्र मोजू नका. लाकूड गोठलेलं असेल तर ओलं असूनही ते कोरडं भासतं.

भिंतीचा प्रकारही बघा. पन्हाळीदार पत्र्याच्या जुन्या कॅम्परचा पत्रा स्क्रू काढून उतरवता येतो, कुजलेले खांब बदलता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण घरच्या घरी होण्यासारखं. गुळगुळीत फायबरग्लासची भिंत वेगळी : त्यात फायबरग्लास, पातळ प्लायवूड आणि फोम एकमेकांना चिकटवलेले असतात. पाण्याने प्लायवूडचे थर सुटले की भिंतीवर फुगवटा येतो. टॉर्च भिंतीला लावून तिरपा प्रकाश टाका, फुगवटा लगेच दिसेल. कलिंगड वाजवतो तशी टिचकी मारून आवाजातला फरकही ऐका. असा फुगवटा मोठा असेल तर अख्खी भिंत बदलावी लागते. दिसायला जुनाट पत्र्याचा कॅम्पर कित्येकदा चकचकीत कॅम्परपेक्षा बरा सौदा ठरतो, तो यामुळेच.

लोखंडी चौकटीखाली मात्र आडवं पडून बघाच. आपल्याकडच्या रस्त्यांवरचं मीठ तिला खातं. जोडणीच्या दांड्याशी आणि ॲक्सलच्या वेल्डपाशी पापुद्रे सुटत असतील, तर भिंती कितीही कोरड्या असोत, सरळ परत फिरा. तुटलेली भिंत कॅम्पिंगची मजा घालवते, तुटलेला दांडा शेजारच्या लेनमधल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. टायरचं वय बाजूवरच्या डॉट क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत असतं : २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. इतके जुने टायर खाचा शाबूत असल्या तरी बदलायचे, आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा. टायटलवर 'सॅल्व्हेज' लिहिलंय का तेही बघा. पुरात बुडालेले ट्रेलर राज्य बदलून विकायला येतात.

आमच्या त्या कॅम्परचा डाग हाताएवढा होता. कोरड्या फळीवर मीटर ११ दाखवत होता, डागापाशी ३४, आणि तिथून पाच फूट वर, जिथे डागाचा मागमूसही नव्हता, तिथे २९. भिंत फायबरग्लासची. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर मागची भिंत आणि जमीन मिळून त्याने ७,००० सांगितले, तेही 'उघडल्यावर आणखी काही निघालं नाही तर'. आम्ही मालकाला मीटर दाखवला. त्याने लगेच किंमत ३,००० वर आणली. आम्ही घेतला नाही. यलोस्टोनला तंबू घेऊन गेलो, आणि तिथल्या पहिल्याच रात्री तो गळला.