बंदुकीचा गंज खरवडू नका, मंडळी!

डुकरं-माकडांपासून बागा राखायला आपल्या रत्नागिरीत परवान्याची बारा बोअर अजूनही काही घरांत आहे. आमच्याकडे आजोबांची नक्षीदार दुनळी आहे. खारा वारा आणि चार महिने पाऊस, गंज चढायला आणखी काय लागतं? मग लोक सरळ पॉलिश पेपर घेतात. तो घेऊ नका! गंजाबरोबर नक्षीच्या कडाही जातात. आणि नंबर पुसला गेला तर? शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर पुसणं हा गुन्हा आहे.

गंमत ऐका. जुन्या चांगल्या दुनळीच्या नळ्यांवरचा काळा रंग म्हणजे मुळात गंजच! मुद्दाम चढवलेला लाल गंज पाण्यात उकळला की काळा, घट्ट बसणारा ऑक्साइड होतो. सुटी पूड ब्रशने काढायची, पुन्हा गंजवायचं, पुन्हा उकळायचं. असं बरेचदा केलं की रंग भरतो. गरम क्षारांचं झटपट ब्लूइंग इथे नको, त्याने नळ्यांमधला डाख खराब होतो.

हे काम परवानाधारक कारागिराचंच. आपण घरी बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, तेलाचा हात फिरवायचा आणि ओल धरणाऱ्या कव्हरात ती कोंडायची नाही. एवढं केलंत तरी नक्षी वाचेल.