सुटका झाली, पण दहावीचे काय?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतील पारधी वस्त्यांवरच्या मुलांसाठी आपण अर्पण पाठवता, प्रार्थना करता. मंडळ्यांना भेटी देताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "रिमांड होममधून सुटून आलेल्या मुलाला पुन्हा शाळेत घेतात का? त्याची दहावी होते का?" होते. मात्र वाट वळणावळणाची आहे आणि वस्तीवरच्या आईबापांना ती कोणी समजावून सांगत नाही. ते काम आपल्याला करता यावे म्हणून या अंकात ती वाट पायरीपायरीने सांगतो.

ही मुले कोण?

भीमा आणि घोड नद्यांच्या काठाने, माळरानावर, गावापासून जरा दूर या वस्त्या आहेत. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांसारख्या अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय वस्तीवर जातो. मोठ्यांबरोबर कधी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही धरला जातो. त्याने काही केले असेल किंवा नसेलही. दोन्ही वेळा त्याची शाळा मात्र सुटते.

कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. मंडळाने जामीन दिला नाही, तर मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. यालाच आपण रिमांड होम म्हणतो. पुणे जिल्ह्यातील मुलांसाठी असे निरीक्षणगृह येरवड्याला आहे. दौंडहून रेल्वेने किंवा शिरूरहून एसटीने तिथे जाऊन यायचे म्हणजे मजुरी करणाऱ्या आईचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची हजेरी जाते.

वर्ष कसे वाया जाते?

चौकशी चार महिन्यांत संपवावी आणि गरज पडल्यास आणखी दोन महिने घ्यावेत, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. मोठ्या माणसाला चार महिने थोडे वाटतील. दहावीच्या मुलाचे मात्र त्यात वर्ष बुडते. राज्य मंडळाच्या नियमित विद्यार्थ्याला ७५ टक्के हजेरी लागते. शिवाय प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. पास व्हायला दोन्ही मिळून ३५ गुण हवेत. मुलगा दिवाळीत घरी आला, तर हजेरी कमी पडलेली असते, प्रात्यक्षिके राहिलेली असतात आणि कधी कधी पटावरून नावही गेलेले असते.

निरीक्षणगृहात शिक्षण मिळाले पाहिजे, असे कायदा सांगतो. पण तिथे कोणी पाचवीचा, कोणी नववीचा, तर कोणी कधीच शाळेत न गेलेला असतो. कोणी आठ दिवसांत जातो, कोणी महिनोन् महिने राहतो. अशा वर्गात एका इयत्तेचा अभ्यासक्रम पुरा होणे अवघड असते. म्हणून खरे काम मुलगा घरी आल्यावर सुरू होते.

शिक्का राहतो का?

पालकांना सर्वात मोठी भीती याची असते. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, मुलाकडून गुन्हा घडल्याचे ठरले तरी त्यामुळे पुढे त्याची कोणतीही पात्रता जात नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्या प्रकरणाचे कागद नष्ट करायचे असतात. याला अपवाद एकच : सोळा वर्षांवरील मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला तर. प्रकरण निकालात निघाले असेल, तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, असे कलम ७४ सांगते. दहावीच्या गुणपत्रिकेवरही मुलगा मध्यंतरी कुठे राहिला याचा उल्लेख नसतो. त्याची दहावी इतरांसारखीच असते. तिच्या अटी वेगळ्या नाहीत आणि तिची किंमतही कमी नाही.

परत येण्याच्या चार वाटा

पहिली वाट जुन्या शाळेची. मुलगा आठवीपर्यंतच्या वर्गातला असेल, तर शिक्षण हक्क कायदा त्याच्या बाजूने आहे. वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश, मागे पडला असेल तर विशेष प्रशिक्षण आणि चौदा वर्षे उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षण, असा त्याचा हक्क आहे. दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. नववी-दहावीच्या मुलाला मात्र या कायद्याचा आधार नसतो. तिथे मुख्याध्यापकांना जाऊन भेटावे लागते, समजावून सांगावे लागते.

दुसरी वाट १७ नंबरच्या फॉर्मची. नियमित शाळा सुटलेला मुलगा हा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची दहावी देऊ शकतो. किमान पाचवी पास, वयाची चौदा वर्षे पूर्ण आणि शाळा सोडल्याचा दाखला या त्याच्या मुख्य अटी आहेत. अर्ज साधारणपणे पावसाळ्याच्या दिवसांत भरले जातात आणि परीक्षा पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. अर्जाची मुदत चुकली की वर्ष चुकते. म्हणून मुलगा आत असतानाच घरच्यांनी दाखला काढून ठेवणे फार महत्त्वाचे आहे.

तिसरी वाट एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. ही संस्था १९८९ साली सुरू झाली. इथे माध्यमिक परीक्षेसाठी पाच विषय घ्यायचे आणि प्रत्येकात ३३ टक्के मिळवायचे. परीक्षा वर्षातून दोनदा होते. एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत पुढे जाता येते. राज्य मंडळाच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला तिथले पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात. मराठी माध्यमाचीही सोय आहे. ज्याच्या हातात शाळेचा कागद नाही आणि ज्याला ऊसतोडीवर किंवा गुऱ्हाळावर जावेच लागते, त्याच्यासाठी ही वाट बरेचदा सोपी पडते.

चौथी वाट राज्याच्या मुक्त विद्यालयाची. तिथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या बरोबरीच्या परीक्षा होतात. लहानपणीच शाळा सुटलेल्या मुलाला पाचवीपासून पुन्हा सुरुवात करता येते.

दहावीला एक-दोन विषय राहिले तरी धीर सोडू नये. एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत बसता येते आणि राहिलेल्या विषयांसाठी लगेच पुरवणी परीक्षा असते. आयटीआयचे काही व्यवसाय तर दहावी नापास मुलांनाही खुले आहेत.

कागद का जपावा?

एक गोष्ट मला या कामात शिरल्यावरच समजली. मुलगा अठराच्या आतला आहे की नाही यावर वाद झाला, तर कायदा आधी शाळेतील जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतो. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच हाडांची तपासणी करून वय ठरवतात आणि अशा तपासणीत वयाचा अंदाजच मिळतो. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवायचे की मोठ्यांच्या तुरुंगात, हे पहिलीच्या वर्गात गुरुजींनी लिहिलेल्या एका तारखेवर ठरू शकते. जन्म वस्तीवर झाला आणि त्याची नोंद झाली नाही, तर शाळेचा पट हाच त्या मुलाचा पहिला कागद असतो.

जातीच्या दाखल्याचेही असेच आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. शुल्कमाफी, शिष्यवृत्ती आणि आश्रमशाळा यांसाठी तो दाखला लागतो आणि त्यासाठी १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजोबा पालात राहून गावोगाव फिरले, त्यांनी तो कुठून आणायचा? आमचे कार्यकर्ते या कामात कुटुंबांबरोबर तहसीलचे उंबरठे झिजवतात. पुणे जिल्ह्यासाठी आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. शिरूर-दौंडच्या मजुराला तेही जवळ नाही.

आपण काय करू शकतो?

पौलाने अनेसिमाला फिलेमोनाकडे परत पाठवले, तेव्हा त्याच्या हाती एक पत्र दिले, त्याचे देणे आपल्या नावावर घेतले आणि त्याला भावासारखे स्वीकारायला सांगितले. परत येणाऱ्या मुलाला आजही याच तीन गोष्टी लागतात : हातात कागद, खर्चाचा भार उचलणारा कोणीतरी आणि दार उघडणारे घर.

कागदासाठी : आपल्या मंडळीतील शिक्षक किंवा निवृत्त कारकून यांनी एका कुटुंबाबरोबर शाळेत जावे. वस्तीवरची आई एकटी गेली तर तिला दाराशी उभे करतात. बरोबर कोणी असेल तर खुर्ची देतात. हे मी अनेकदा पाहिले आहे.

खर्चासाठी : परीक्षेचे शुल्क, पुस्तके आणि परीक्षा केंद्रापर्यंतचे भाडे एवढ्यासाठी मुलगा अडतो. आपले अर्पण इथे उपयोगी पडते.

घरासाठी : मंडळीच्या सभागृहात संध्याकाळी दोन तास दिवा, पंखा आणि गणित-इंग्रजी शिकवणारा एक जण मिळाला, तरी खूप झाले. वस्तीवर अनेक घरांत वीज नाही. मुलगा अभ्यासाला आला तर त्याने काय केले होते ते विचारू नये. कोठपर्यंत शिकला आहे, एवढेच विचारावे.

या अंकात अशा मुलांची नावे, गावे किंवा फोटो आपल्याला दिसणार नाहीत. त्यांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा नसता तरी आम्ही ती दिली नसती. आपणही मंडळीत किंवा व्हॉट्सॲपवर नावाने साक्ष सांगू नये, ही विनंती. प्रभू त्यांना नावाने ओळखतो.

याच दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना अन्नाबरोबर अक्षर आणि हाताला काम दिले. टाकलेल्या लेकरांना शिकवण्याचे काम या मातीला नवे नाही. ते पुढे चालू ठेवणे आपल्याकडे आले आहे.

प्रार्थनेसाठी विषय

• निरीक्षणगृहातून घरी आलेल्या मुलांना पुन्हा पुस्तक हातात घेण्याची इच्छा आणि चिकाटी मिळावी.
• मुख्याध्यापक, परिविक्षा अधिकारी आणि बाल न्याय मंडळाच्या सदस्यांना ज्ञान व दया मिळावी.
• येरवड्याच्या फेऱ्या घालणाऱ्या आयांना बळ मिळावे आणि त्यांची चूल पेटती राहावी.
• दोन्ही तालुक्यांत संध्याकाळी शिकवायला वेळ देणारे स्वयंसेवक उभे राहावेत.