भिंतीपाशी नितळपणा कोठे हरवतो?

समीकरणाचे उत्तर मिळाले की काम संपले, असे आपल्याला वाटते. गणिती मात्र पुढे विचारतो : हे उत्तर सर्वत्र नितळ आहे, की कोठे मोडते?

एक कण घेऊ. तो सरळ रेषेत फिरतो आहे आणि त्याच्या वेगाला क्षणोक्षणी वेडेवाकडे धक्के बसताहेत. धक्का वेगाला बसतो, स्थानाला नव्हे. मग कण कोठे सापडेल याची संभाव्यता स्थानाच्या दिशेनेही नितळ राहील काय? १९३४ साली रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी या समीकरणाचे उत्तर प्रत्यक्ष लिहून दाखविले. ते नितळच निघाले. असे का व्हावे? वेग थोडा वाढवा, कणाला क्षणभर वाहू द्या, मग वेग तितकाच कमी करा. वेग पूर्ववत होतो, पण कण एरवीपेक्षा पुढे गेलेला असतो. दोन दिशांच्या फेरबदलातून तिसरी हाती येते. अशा रीतीने सर्व दिशा व्यापल्या जात असतील तर उत्तर नितळ असते, हा सर्वसाधारण नियम स्वीडनचे लार्स हॉर्मांडर यांनी १९६७ साली सिद्ध केला. अशा नितळपणाची हमी देणाऱ्या कारकांना हायपोएलिप्टिक म्हणतात.

पण ही हमी आतल्या भागापुरती आहे. आता वाटेत एक भिंत उभी करू. तिला लागताच कण नाहीसा होतो. वेग शून्य नसेल तर वाहण्याची दिशा भिंत ओलांडते. वेग शून्य असेल तर वाहणे थांबते, आणि धक्के तर केवळ वेग बदलतात. भिंत ओलांडणारी दिशाच उरत नाही. २०१४ साली ह्वांग, जांग व वेलाझ्केझ यांनी दाखविले की इतरत्र भिंतीपर्यंत नितळ असणारे उत्तर या एका ठिकाणी केवळ अखंड राहते.

स्थिर कण भिंतीजवळून सोडला, तर ठराविक वेळेपर्यंत त्याच्या टिकण्याची संभाव्यता अंतराच्या एकषष्ठांश घाताने घटते. म्हणजे आधीच लहान असलेले अंतर दहा लाखपट कमी केले, तरी संभाव्यता दहापटच कमी होते! भिंतीपाशी आलेखाचा चढ अनंत होतो.

तेव्हा आतली हमी सीमेवर गृहीत धरता येत नाही. तेथे प्रत्येक बिंदूपाशी आपण विचारले पाहिजे : हाती असलेल्या दिशांपैकी एखादी तरी भिंतीपार जाते काय?