जयपूरच्या जडियाचा दिवस

सकाळी साडेनऊ. जोहरी बाजारामागच्या गल्लीतल्या कारखान्यात आधी वजन, मग काम. व्यापाऱ्याने दिलेलं चोख सोनं काट्यावर चढतं, आकडा वहीत उतरतो. चहा त्यानंतर.

दहा. लाखेवर पक्कं बसवलेलं डबीचं झाकण पुढ्यात आहे. जेड पांढुरकं, किंचित हिरवट. घडाई एकाची, नक्षी आखणारा चितेरा दुसरा, खाचा पाडणारा तिसरा. रत्नं जडवणाऱ्या जडियाच्या हातात सगळं सर्वांत शेवटी येतं आणि बिघडलं तर बोल मात्र त्यालाच. जेड पोलादाला दाद देत नाही. ते झिजवावं लागतं. आज हिऱ्याची भुकटी लावलेल्या टोकाने, मुघलांच्या काळी कुरुंदासारख्या कठीण दगडाच्या ओल्या भुकटीने. कच्चा दगड तेव्हा मध्य आशियातल्या खोतानच्या नद्यांमधून यायचा.

अकरा. खरं काम आता. खाचेच्या तळाशी चकचकीत पातळ वर्ख, त्यावर तांदळाएवढं माणिक. भोवतीच्या फटीत कुंदनाची, म्हणजे चोख सोन्याची, अरुंद पट्टी सरकवायची आणि पोलादी सळईने दाबायची. पुन्हा पट्टी, पुन्हा दाब. ना डाग, ना भट्टी. इतक्या शुद्ध सोन्याचे स्वच्छ थर नुसत्या दाबाने थंडपणीच एकजीव होतात. बोटाचा तेलकटपणा लागला तर मात्र धरत नाहीत. जेडवर भट्टीतला डाग द्यायला गेलं तर दगडच हातचा जायचा.

इस्तंबूलच्या उस्मानी कारागिरांनीही जेडवर रत्नं चढवली, पण ती सोन्याच्या उंच, पाकळीदार घरांत. मुघल पात्रावर माणिक दगडाच्या अंगातूनच उगवल्यासारखं दिसतं. मला विचाराल तर डावं-उजवं इथेच ठरतं. चीनमध्ये जेड घडवण्याची परंपरा हजारो वर्षांची. तरी अठराव्या शतकात सम्राट चिएनलुंगने हिंदुस्थानी जेडवर कविता केल्या, काही तर भांड्यांवरच कोरवून घेतल्या. त्याच्या कारखान्यात त्या धाटणीच्या नकलाही झाल्या.

दीड. डबा, बिडी, पाठ टेकणं.

अडीच. पानं. खाचेत भरलेल्या सोन्याच्या रेषेचा देठ, त्याला पाचूचं पान. मुघलांकडचे उत्तम पाचू कोलंबियाच्या खाणींतले. त्यांतले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यावरून आले. म्हणजे तेव्हाच्या एका झाकणावर खोतानचा दगड, अमेरिकेचा पाचू आणि हिंदुस्थानी कुंदन. शाहजहानचा १६५७ सालचा जेडचा पेला आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर एकही रत्न नाही, पण घाट भोपळ्याचा, चिनी वळणाचा. बैठकीला कमळ, पानं युरोपीय धर्तीची आणि मुठीला बोकडाचं डोकं. एवढी सरमिसळ असूनही कुठे ठिगळ दिसत नाही.

चार. शेठचा माणूस डोकावतो. "उस्ताद, कधी देताय?" "शनिवारी." हेच उत्तर गेल्या आठवड्यातही होतं.

साडेचार. उन्हं उतरायच्या आत घोटाई. सोन्याची कड सळईने तासायची, अकिकाने घासून दगडाच्या पातळीत आणायची. दिव्याखाली हे काम तो टाळतो. पिवळ्या उजेडात सोन्याची उणीव झाकली जाते.

सहा. पुन्हा काटा. झाकणात गेलेलं, उरलेलं आणि कातरण मिळून सकाळचा आकडा यायला हवा. आज थोडी तूट आहे. ती केरात असणार, म्हणून केर फेकत नाहीत, डब्यात साठवतात. आपल्याकडच्या झारेकऱ्यांसारखे इथले न्यारिये तो विकत नेतात आणि धुऊन त्यातलं सोनं काढतात. केराचा भावही घासाघीस करूनच ठरतो.