रत्नागिरीतील थिबा राजाची समाधी : दफनभूमीच्या राजकारणाचा एक अभ्यास

प्रस्तावना :

सत्ताधीशाच्या मृत्यूने त्याचे राजकीय अस्तित्व संपते, असे सामान्यतः मानले जाते. तथापि त्याचा देह कोठे विसावा, हा निर्णय बहुधा राजकीयच असतो. मराठीत अशा स्थळाला आपण 'समाधी' म्हणतो. त्या शब्दात आदर असतो, स्मरण असते आणि पुढील पिढ्यांनी तेथे यावे ही अपेक्षाही असते. पराभूत राजाची समाधी त्याच्या स्वतःच्या भूमीत उभी राहू न देणे हे म्हणूनच जेत्यांच्या धोरणाचा भाग ठरते. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याची रत्नागिरी शहरातील शिवाजीनगर भागात असलेली समाधी हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या समाधीमागील घटनाक्रम व त्याचा अर्थ यांचे विवेचन केले आहे.

पदच्युती व स्थानबद्धता :

थिबा हा कोनबाँग राजघराण्यातील मिंडॉन राजाचा पुत्र. पित्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये तो मंडालेच्या गादीवर आला. नोव्हेंबर १८८५ मधील तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात अवघ्या काही दिवसांत त्याचा पराभव झाला. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याची घोषणा झाली. तत्पूर्वीच राजाला राणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले व परिवारासह मद्रासला आणि तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले.

रत्नागिरीची निवड सहेतुक होती. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस सह्याद्री. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटींची वाहतूक बंद. राजाला त्याच्या प्रजेपासून पूर्णतः तोडण्यास यापेक्षा सोयीचे ठिकाण मिळणे कठीण होते. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत वि. दा. सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवण्यात आले, ही बाब येथे लक्षणीय आहे. आरंभीची सुमारे चोवीस वर्षे राजपरिवार बंगल्यांत राहिला. भाट्ये खाडीकडे पाहणारा, जांभ्या दगडाचा तीन मजली राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. तो आज 'थिबा पॅलेस' या नावाने ओळखला जातो. त्या वास्तूत राजाला जेमतेम सहा वर्षे लाभली.

मृत्यूनंतरची प्रतीक्षा :

धाकटी राणी सुपयागले १९१२ मध्ये रत्नागिरीत निधन पावली. डिसेंबर १९१६ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी थिबाचाही मृत्यू झाला. दोघांचेही देह ब्रह्मदेशात नेऊन राजाला साजेशा इतमामाने तेथेच अंत्यविधी व्हावा, असा सुपयालत राणीचा आग्रह होता. मिंडॉन राजाची समाधी मंडालेच्या राजवाड्याच्या आवारातच असल्याने या मागणीस परंपरेचा आधार होता.

सरकारने परवानगी दिली नाही. मंडालेत राजाची समाधी उभी राहिली असती तर ती ब्रह्मी राष्ट्रभावनेचे केंद्र बनण्याचा धोका होता. राणीही मागे हटली नाही. परिणामी शवपेट्या राजवाड्याच्या आवारातच ठेवाव्या लागल्या. अखेर मार्च १९१९ मध्ये सरकारने पुढाकार घेऊन रत्नागिरीतच दोन्ही देह समाधिस्थ केले. राजाचा देह दोन वर्षांहून अधिक काळ आणि धाकट्या राणीचा जवळपास सात वर्षे अंतिम संस्काराविना राहिला होता. त्यानंतर काही आठवड्यांतच राजपरिवाराला ब्रह्मदेशात परतण्याची मुभा मिळाली. जिवंत राणीला स्वदेशी जाता आले. मृत राजाला मात्र ती वाट बंदच राहिली. १९२५ मध्ये सुपयालतचे रंगून येथे निधन झाले तेव्हा तिचेही दफन मंडालेत होऊ शकले नाही. तिची समाधी रंगूनमध्येच श्वेडगाँन पॅगोड्यानजीक आहे.

रंगून व मंडाले येथील समांतर उदाहरणे :

या धोरणाचा पूर्वनमुना रंगूनमध्येच आढळतो. १८५७ च्या उठावानंतर तेथे पाठविलेला अखेरचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर ७ नोव्हेंबर १८६२ रोजी मृत्यू पावला. त्याच दिवशी गाजावाजा न करता त्याचे दफन करण्यात आले आणि कबरीची खूण उरू नये याची काळजी घेण्यात आली. मूळ कबर १९९१ मध्ये खोदकामाच्या वेळी सापडली. तत्पूर्वीच, १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी तेथील स्मारकस्थळी अभिवादन केले होते. राजकीय समाधीविषयी राज्यकर्त्यांना वाटणारी धास्ती अनाठायी नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

रत्नागिरी व मंडाले यांचा आणखी एक संबंध विसरता येत नाही. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या कारागृहात होते. म्हणजे रत्नागिरीचा पुत्र थिबाच्या राजधानीत बंदिवान असताना थिबा रत्नागिरीत बंदिवान होता. टिळक मुक्त होऊन परतले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा नेहमीच्या स्मशानाऐवजी गिरगाव चौपाटीवर, अफाट जनसमुदायाच्या उपस्थितीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ज्याच्या अंतिम स्थळी लोक जमू शकतात त्याचे स्मरण टिकते. थिबाच्या बाबतीत नेमके हेच टाळले गेले.

समारोप :

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन या समाधीला अभिवादन केले. राजाला अज्ञात ठेवण्यासाठी निवडलेले स्थळच त्याच्या देशबांधवांच्या आदराचे स्थान झाले. राजाचे अवशेष मायदेशी न्यावेत, की रत्नागिरीतच राहू द्यावेत, हा प्रश्न अधूनमधून उपस्थित होतो. त्याचे उत्तर देण्याचा पहिला अधिकार राजाच्या वंशजांचा व म्यानमारच्या जनतेचा आहे. तोपर्यंत या समाधीचे जतन करणे ही रत्नागिरीकरांची जबाबदारी ठरते. थिबा पॅलेस पाहण्यास येणाऱ्या पर्यटकाची पावले शिवाजीनगरातील समाधीकडेही वळली, तरच राजवाड्याच्या वैभवामागील बंदिवासाची कथा त्यास पूर्णपणे उमगेल.